सिस्टीम मी घरी टाकीन म्हणावं

अगं, तू पाठवलेले तिन्ही लॅपटॉप बघितले. माझं तिन्हींना नाही. आधी ऐकून घे, मग हवं तर भांड.

पंचवीस हजारांत नवाकोरा, पातळ, चंदेरी लॅपटॉप मिळतो हे खरं. फोटोत दिसतोही छान. पण खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलंस का? दोनांत सेलेरॉन एन४०२० आहे, तिसऱ्यात एन४५००. दोन्हींत कोअर दोनच. रॅम ४ जीबी, तीही मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे उद्या हातात पैसे आले तरी वाढवता यायची नाही. आणि डिस्कच्या जागी ६४ जीबी ईएमएमसी. ती एसएसडी नव्हे गं, स्वस्तातल्या मोबाइलमध्ये असते त्या जातीची चिप आहे. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं. मग तुझ्या फायली राहणार कुठे, आणि मोठा अपडेट आला की तो उतरणार कुठे? पहिल्या सेमिस्टरच्या आतच तू फोन करशील, ताई, हा उघडतच नाही म्हणून.

माझा हिशोब साधा आहे. जे मागाहून बदलता येत नाही त्याला पैसे मोज, जे बदलता येतं तिथे हात आखड. स्क्रीन, कीबोर्ड, प्रोसेसर, बिजागऱ्या या गोष्टी घेतल्या तशा राहतात. रॅम आणि एसएसडी, जर त्यांना वेगळा स्लॉट असेल तर, पुढच्या दिवाळीतही टाकता येतात. आणि सिस्टीम, म्हणजे विंडोज म्हण किंवा लिनक्स म्हण, ती तर फुकटातसुद्धा टाकता येते आणि तू स्वतः टाकू शकतेस. दुकानदार मात्र तुला बरोब्बर उलटं विकतो. बॅग फ्री, माउस फ्री, विंडोज-ऑफिस टाकून देतो, अँटिव्हायरस एक वर्ष. स्क्रीनचं रिझोल्यूशन विचारलंस की इकडेतिकडे बघायला लागतो.

तर स्क्रीनचंच आधी. १३६६ बाय ७६८ लिहिलं असेल तर सोड. तुला रोज चार-पाच तास पीडीएफ वाचायचेत, अर्धं पान दिसणाऱ्या खिडकीतून नाही. १९२० बाय १०८० हवं, आणि आयपीएस पॅनल असेल तर फारच उत्तम. टीएन पॅनल ओळखायला सोपा असतो: समोरून नीट दिसतं, जरा वरून किंवा खालून बघितलं की रंग उलटेसुलटे होतात. दुकानात झाकण पुढेमागे करून बघ, दोन सेकंदांत कळतं.

प्रोसेसरचा आकडा वाचायला शीक, तेवढ्यावर निम्मी फसवणूक टळते. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी. आय३-१२१५यू म्हणजे बारावी. 'आय७ आहे मॅडम' असं कुणी छातीठोकपणे म्हणालं की पुढचे आकडे विचार. चौथ्या पिढीचा आय७ बाराव्या पिढीच्या आय३समोर टिकत नाही. रायझनमध्ये आणखी गंमत आहे. रायझन ३ ७३२०यू मधला सातचा आकडा २०२३ सालची मालिका सांगतो, पण आतली रचना कुठली ते तिसरा आकडा सांगतो, आणि तो दोन आहे, म्हणजे झेन २, मूळ २०१९ ची. चिप वाईट नाही, तुला पुरेल. फक्त 'लेटेस्ट आहे' म्हणून दोन हजार जास्त देऊ नकोस.

आता माझं मत. तुझ्या पैशात नवा घेऊच नकोस, रीफर्बिश्ड घे. तोंड वाकडं करू नकोस! मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांना दिलेले लॅपटॉप काही वर्षांनी एकगठ्ठा बदलतात, तेच बाजारात येतात. ते घरगुती मालापेक्षा दणकट असतात, कारण ते रोज वापरायलाच बनवलेले असतात, दिवाळी सेलमध्ये खपवायला नाही. नावं लिहून घे: लेनोवोचा थिंकपॅड टी४८०, एचपीचा एलिटबुक ८४० जी५, डेलचा लॅटिट्यूड ५४९०. तिन्ही २०१८ चे. तिन्हींत रॅमचे दोन स्लॉट आहेत. कीबोर्ड असा की टाइप करायला हात शिवशिवतील. पण एक मेख आहे. याच मॉडेलांत सातव्या पिढीचे प्रोसेसरही आले होते, आणि बाहेरून फरक कळत नाही. तुला आठवी पिढी हवी, कारण इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे साधारण तिथून पुढेच चालतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं कुणी फार स्वस्तात पुढे करत असेल तर त्यामागे हेही एक कारण असतं. लिनक्स त्यांवरही मजेत चालतं म्हणा, पण पुढे कधी विंडोजची गरज पडली तर दार बंद नको.

मुंबईला कॉलेजला येणारच आहेस, तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाऊ. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असेल, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. पण येण्याआधी एक काम करायचं. लॅपटॉप घेण्याआधी लिनक्सचा पेनड्राइव्ह तयार करायचा, आणि तो पर्समध्ये टाकून दुकानात जायचं.

लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काहीही इन्स्टॉल न करता. दुकानदाराचा लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू केलास की त्याने आत काय रंगरंगोटी केलीय त्याचा प्रश्नच उरत नाही. खरा प्रोसेसर, खरी रॅम, डिस्कची तब्येत, सगळं तुझ्या सिस्टीममधून तुला दिसतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे तिथल्या तिथे कळतं. लिनक्सचा मिंट नावाचा एक प्रकार आहे, त्याबद्दल पुढे सांगते; त्यात 'डिस्क्स' नावाचं साधन आहे, त्यात एसएसडीचा स्मार्ट अहवाल उघड. ती किती तास चालली आहे ते लिहिलेलं असतं. जो दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नाही त्याला नमस्कार करायचा आणि पुढच्या दुकानात जायचं. त्या रस्त्यावर दुकानांना तोटा नाही.

दुसरी तपासणी बायोसची, म्हणजे सिस्टीमच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगची. चालू करताना थिंकपॅडवर एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबायचं. आत जाताना पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप घ्यायचा नाही, फुकट दिला तरी नाही. जुन्या कंपनीने लावलेलं कुलूप असतं ते. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरी काढून ठेवल्याने जात नाही. 'नंतर काढून देतो' हे वाक्य ऐकलं की उठायचं. तसंच विंडोज चालू करताना जुन्या कंपनीचं नाव घेऊन तिथलाच ईमेल मागू लागलं, तरीही उठायचं.

बॅटरी विंडोजमध्येच बघ. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाइप केलं की एक अहवाल बनतो. मूळ क्षमता किती होती आणि आता पूर्ण चार्ज होऊन किती भरते, हे दोन आकडे शेजारीशेजारी बघायचे. निम्म्याहून खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून माग. टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून निघणारी, दोन्हींचे आकडे बघ. आणि हो, प्रत्येक की दाबून बघायची, लाज वाटून घ्यायची नाही. बिलावर जीएसटी आणि सीरियल नंबर हवा, वॉरंटी जी काही देत असतील ती लेखी.

मग तो म्हणणार, विंडोज मारून देतो, ऑफिस पण टाकतो, पाचशे द्या. तू म्हणायचं, नको, सिस्टीम मी घरी टाकीन. तो हसेल. हसू दे. ते पाचशेचं विंडोज म्हणजे बहुतेक वेळा चोरीचं. त्याला ऍक्टिव्हेट करायला जे चिमुकलं सॉफ्टवेअर चालवतात ते आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतं. तिथेच समजून घे. त्याच यंत्रावरून तू शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणार, आईच्या खात्याचं नेटबँकिंग करणार. शिवाय बऱ्याचदा त्याची गरजही नसते. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. ज्या लॅपटॉपबरोबर मूळचं विंडोज आलं होतं त्यावर तीच आवृत्ती पुन्हा टाकली की इंटरनेट लागल्यावर ते स्वतःच ऍक्टिव्हेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फाइल फुकट उतरते, ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. झालं.

पण तुला विंडोजच हवंय का, हे आधी ठरव. बीएस्सीला जातेयस, स्टॅटिस्टिक्स घेऊन. आर आणि पायथन लिनक्सवर उत्तम चालतात. लिबरऑफिसमध्ये वर्डच्या फायली उघडतात. मांडणी कधीकधी थोडी सरकते, म्हणून सबमिशन पीडीएफमध्येच करायचं. झूम आहे, बाकी सगळं ब्राउझरमध्ये. मात्र धाकट्या मावशीची मुलगी आर्किटेक्चरला आहे, तिला मी हे सांगणार नाही, कारण ऑटोकॅड लिनक्सवर नाही. टॅली नाही. फोटोशॉप नाही, कोरलड्रॉ नाही. ऑनलाइन परीक्षेची काही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, म्हणून कॉलेजच्या ऑफिसात आधी विचार. लिनक्सवाले लोक हे तुला सांगत नाहीत, त्यांना सगळं सोपंच वाटत असतं.

माझं म्हणणं, लिनक्स मिंट घे. २००६ पासून चालू आहे, विंडोजसारखाच खाली पट्टा आणि कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे पहिल्या दिवशी गोंधळ उडत नाही. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबीच असेल तर एक्सएफसीई. मिंट २२ हा उबुंटू २४.०४ वर उभा आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. आणि या सगळ्याच्या तळाशी जो लिनक्स कर्नल आहे, तो लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये जगाला सांगितला तेव्हा तो हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकत होता, वय एकवीस. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तुला तर फक्त इन्स्टॉल करायचंय.

फाइल मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घे. कुणा भल्या माणसाने ग्रुपवर टाकलेली ड्राइव्हची लिंक नको. आणि घेतल्यावर तिची शा-२५६ बेरीज, म्हणजे फाइलीवरून काढलेला ओळखीचा आकडा, साइटवर दिलेल्या बेरजेशी जुळवून बघ. हे उगाच सांगत नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्या साइटवरच हल्ला झाला होता आणि डाउनलोडची लिंक बदलून मागचं दार ठेवलेली फाइल लोकांच्या गळ्यात घातली होती. मिंटवाल्यांनी लगेच जाहीर केलं, लपवलं नाही, म्हणून माझा विश्वास उलट वाढला. पण जुळवणी तेव्हापासून सोडत नाही. म्हणशील तर जास्तीची खबरदारी म्हणून मिंटच्या साइटवर त्या बेरजेच्या फाइलीची सही कशी तपासायची तेही दिलंय, पहिल्या खेपेला राहिलं तरी चालेल.

फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, 'लिहावी' लागते. विंडोजवर त्यासाठी रुफस किंवा बलेना एचर. घरात कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवरूनही होतं: एचड्रॉइड नावाचं ऍप आणि एक ओटीजी केबल. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नकोस.

लॅपटॉप घरी आला की चार्जर लाव, पेनड्राइव्ह लाव, चालू करताना डेल-लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहा. यादी येते, त्यातला यूएसबी निवड. आधी मिंट नुसता चालव, तासभर खेळ. मग डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल'चं चित्र आहे त्यावर जा. भाषा इंग्रजीच ठेव असं मी म्हणेन. मराठी मेन्यू मिळतात, पण अडलीस तर एररचा संदेश शोधायला इंग्रजीच उपयोगी पडते. मराठी टायपिंग वेगळं, त्याचं पुढे सांगते.

सगळ्या प्रकारात घाबरायचं ठिकाण एकच आहे, ते म्हणजे डिस्क कशी वाटायची हे विचारणारा पडदा. रीफर्बिश्ड लॅपटॉपवर तुझं काहीच नसेल, तर 'इरेज डिस्क' निवड आणि मोकळी हो. दुकानदाराचं विंडोज त्याच्या पायगुणासकट गेलं पाहिजे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवं असेल तर मात्र घाई नको. आधी विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन लहान करून जागा मोकळी कर. त्याहूनही आधी बिटलॉकर चालू आहे का बघ. नव्या विंडोज ११ मध्ये तो पुष्कळदा तुला न विचारताच चालू झालेला असतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, ती कागदावर उतरवून घे. ती नसताना डिस्कशी खेळलीस आणि विंडोजने मागितली, तर फायली गेल्या म्हणून समज.

'इरेज डिस्क' निवडलंस तर त्याच पडद्यावरून 'एन्क्रिप्ट'चा पर्यायही मिळतो. हॉस्टेलवर राहणार आहेस, त्यावर टिक करून टाक. लॅपटॉप चोरीला गेला तर गेला, आतलं कुणी वाचू शकणार नाही. पण तो पासवर्ड विसरलीस तर तुलाही कुणी वाचवू शकणार नाही, अगदी मीसुद्धा. कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेव, दागिन्यांच्या डब्यात. मोबाइलच्या नोट्समध्ये नाही.

दोन ठिकाणी बहुतेकजणी अडतात, म्हणून सांगून ठेवते. एक, वायफाय दिसतच नाही. काही कार्डांचा ड्रायव्हर आधीपासून नसतो. घाबरायचं नाही, फोन केबलने लॅपटॉपला जोडायचा, यूएसबी टेदरिंग चालू करायचं, इंटरनेट लगेच येतं. मग मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला की पुष्कळदा हवा तो ड्रायव्हर तोच सुचवतो. दोन, अकराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल यंत्रांवर डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये व्हीएमडी किंवा आरएसटी नावाची सेटिंग असते, ती बदलून एएचसीआय केली की दिसते. मात्र आत विंडोज असेल आणि ते ठेवायचं असेल तर ही सेटिंग अशीच बदलू नकोस, विंडोज उघडायचं बंद होऊ शकतं.

इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढला, यंत्र पुन्हा चालू झालं, की आधी अपडेट मॅनेजर चालव. मग टाइमशिफ्ट उघड आणि एक स्नॅपशॉट काढून ठेव. पुढे काही उलटसुलट केलंस तर सिस्टीम त्या दिवसावर परत नेता येते. तुझ्या फायलींची प्रत मात्र तो ठेवत नाही, त्या वेगळ्या डिस्कवर तूच ठेवायच्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोड. इनस्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. फोनेटिक लवकर येतं, पण मला विचारशील तर पहिल्यापासून इनस्क्रिप्टवर बस. आठवडाभर चिडचिड होते, मग हात वेगाने चालायला लागतो आणि कुठल्याही सरकारी कॉम्प्युटरवर तोच कीबोर्ड सापडतो. आणि एकटीने शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिबरऑफिस, पायथन यांचे धडे आहेत, कितीतरी मराठीतसुद्धा, फुकट.

तुझा चुलतभाऊ म्हणेल, दे इकडे, मी करतो, तुला जमायचं नाही. त्याला चहा करायला सांग. त्याने करून दिलं तर दर वेळी काही अडलं की त्याच्या सुट्टीची वाट बघावी लागेल. तू केलंस तर पुढच्या वेळी हॉस्टेलमधल्या मुली तुझ्याकडे येतील. आणि बिघडलं तरी काय होतं? पेनड्राइव्ह आहेच, पुन्हा टाकायचं. लॅपटॉप त्याने मोडत नाही.

पेनड्राइव्ह मात्र या आठवड्यातच करून ठेव, मिंटची फाइल जवळपास ३ जीबीची आहे, घरच्या नेटवर रात्री लाव. बाबांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर करू नकोस, तिथे परवानगी नसते. लॅमिंग्टन रोडला शनिवारी नको, मधल्या वारी सकाळी जाऊ, तेव्हा दुकानदाराला बोलायला वेळ असतो. आणि पैसे तोपर्यंत आईकडेच राहू देत.